डब्लेटवरून ट्रिपलेटवर: इंदुरातला माझा अनुभव

माझ्याकडे ८० मिमीची ईडी डब्लेट होती, म्हणजे दोन भिंगांची दुर्बीण, एफ ७.५ ची (एफ म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास). गेल्या हिवाळ्यात तिच्या जोडीला स्काय-वॉचरची एस्प्रिट १०० घेतली. तीन भिंगांची (ट्रिपलेट) अपोक्रोमॅट, म्हणजे रंगांचा दोष जवळजवळ घालवलेली, नाभीय अंतर ५५० मिमी, एफ ५.५. आमच्या इंदुरात आकाशाचे फोटो काढणारे भेटले की पहिला प्रश्न एकच असतो, एवढे पैसे घालून फरक पडतो का? पडतो. पण सगळीकडे नाही, आणि तेच मला सांगायचंय.

घेण्याआधी रामबागेतल्या एका काकांचा सल्ला घेतला. हातानं आरसे घासून दुर्बिणी बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी माहितीपत्रकं पुढे केली तर म्हणाले, "अरे, ती राहू दे. तुझे जुने फोटो काढ आणि तारे मोठे करून बघ." कृत्तिकांचा फोटो उघडला. प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती निळं-जांभळं वलय होतं. कृत्तिकांभोवतीची धूळ निळीच दिसते, त्यामुळे धुळीचा निळा रंग कुठला आणि भिंगाचा कुठला हे सांगता येईना. "हा रंग सॉफ्टवेअरनं काढलास तर धूळही जाईल," काका म्हणाले. माझा निर्णय तिथेच झाला.

भिंगातून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो आणि अलीकडे एकवटतो. दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून दोन रंग एका जागी आणण्याचं पेटंट इंग्रज भिंगकार जॉन डॉलंडनं १७५८ मध्ये घेतलं. तिसरं भिंग आणि एफपीएल-५३ सारखी कमी अपस्करणाची, म्हणजे रंग कमी फाकवणारी काच आली की आणखी एक रंग त्याच जागी येतो, आणि उरलेला जांभळा पसारा खूप आवळला जातो.

आता मुख्य गोष्ट. शहरातल्या गच्चीवरून मी ड्युअल-बँड फिल्टर लावतो. त्यातून हायड्रोजनचा ६५६ आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश येतो, जांभळा येतच नाही. म्हणजे ज्या दोषासाठी आपण लाखांत पैसे मोजतो, तो फिल्टरच झाकून टाकतो. गच्चीवरून काढलेला रोझेट तेजोमेघ जुन्या डब्लेटनंही देखणा येतो. ज्यांचं काम गच्चीवरच चालतं त्यांनी आधी चांगलं माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा आधार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रिपलेटची खरी कमाई फिल्टर न लावता, काळ्या आकाशाखाली होते. इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगराकडे गेलं की उत्तरेला पीथमपूरचा उजेड असतो, पण दक्षिणेला डोंगर निमाडकडे उतरतात आणि आकाश स्वच्छ मिळतं. तिथून ज्येष्ठा जवळजवळ ४१ अंश वर येते. तिच्याभोवतीचा पिवळा धूर आणि शेजारची निळी धूळ या दुर्बिणीतून वेगवेगळी उमटली, तेव्हा मी खरोखर हरखून गेलो.

एफ ७.५ वरून एफ ५.५ वर आलं की पसरट वस्तूंना निम्म्याच्या थोडाच वर वेळ लागतो. पण फोकस फार नाजूक होतो. तो चालेल असा पट्टा जुन्या दुर्बिणीत साधारण १५० मायक्रॉन होता, नव्यात ८०. शब-ए-मालवा म्हणून आपल्या रात्रींचं कौतुक होतं, पण हिवाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा सहज १० अंश उतरतो. अर्ध्या मीटरची ॲल्युमिनियमची नळी तेवढ्यात ११५ मायक्रॉन आकसते. म्हणजे संध्याकाळी जुळवलेला फोकस पहाटेपर्यंत टिकणारच नाही. मोटरचा फोकसर दुर्बिणीसोबतच मागवा आणि दर अंश-दीड अंशाला तो पुन्हा जुळवून घ्यायला लावा. बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस तपासायची दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी, हाताशी असू द्याच.

मागवणं तसं सरळ होतं. विक्रेत्याकडे आगाऊ रक्कम भरली, माल परदेशातून यायचा म्हणून वाट पाहिली, कस्टमसकट हिशेब आधीच लेखी घेतला. खोकं आलं त्या रात्री ब्रह्महृदय तारा फोकसच्या आत आणि बाहेर नेऊन पाहिला. दोन्हीकडे कडी गोल आणि एककेंद्री होती. तीन भिंगांचा गठ्ठा थंड व्हायला वेळ घेतो, त्यामुळे दुर्बीण तासभर बाहेर ठेवल्याशिवाय ही परीक्षा करू नये. गरम भिंगातून चांगली दुर्बीणही वाईट दिसते.

फोटोच्या कडेपर्यंत तारे नेटके ठेवणारं जादा भिंग म्हणजे फ्लॅटनर. त्याच्या अडॅप्टरपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत ५५ मिमी लागतात. माझ्या कॅमेऱ्यात १७.५ मिमी आधीच जातात, उरलेले ३७.५ रिंगांनी भरायचे. मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीचा एक तृतीयांश त्यात वाढवायचा. चारही कोपऱ्यांतले तारे सारखेच लांबट असतील तर अंतर चुकलंय. एकाच बाजूचे बिघडले असतील तर कॅमेरा तिरका बसलाय. कोपऱ्यांतले तारे नीट गोल येईपर्यंत पातळ वॉशर घालत राहिलो. या कामाला पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री उत्तम, नाहीतरी तेव्हा दुसरं काही निघत नाही.

जुनी डब्लेट विकली नाही. गच्चीवरचं ड्युअल-बँडचं काम तिच्याकडेच आहे. एस्प्रिट पावसाळ्यात हवाबंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, कारण दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या करायच्या.