एकच सेव्ह: एव्हरॉनवरचा आमचा पावसाळा

मृग लागल्यापासूनचा हिशेब असा: सहा आठवडे, तीन यंत्रं, चार खेळणारे, आणि गेममधल्या मॉन्टिन्याक गावानंतरच्या जंगलात किती वेळा मेलो ते मोजायचं सोडून दिलं. जुना 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' आजच्या यंत्रांवर पहिल्या मिशनपासून शेवटपर्यंत खेळायचा, असं ठरवून बसलोय. अट एकच. एका मिशनमध्ये गेम जो एक सेव्ह, म्हणजे मेल्यावर परत यायची जागा, देतो, तेवढाच वापरायचा.

नव्यांसाठी दोन ओळी. प्रागच्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्हनं केलेला आणि कोडमास्टर्सनं २००१ मध्ये बाजारात आणलेला हा युद्धाचा गेम. काळ १९८५ चा, बेटं तीन: एव्हरॉन, माल्डन, कोल्गुयेव्ह. पुढं दोघांचं फाटलं, नाव कोडमास्टर्सकडं राहिलं, म्हणून २०११ पासून तोच गेम 'आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट' या नावानं मिळतो. त्यात २००२ चा 'रेझिस्टन्स' हा जोडभाग आहे, 'रेड हॅमर' हा दुसरा जोडभाग नाही. तो कोडमास्टर्सनं स्वतः केलेला, तो मागंच राहिला. दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, म्हणून लिहून ठेवलं.

माझी आणि या गेमची ओळख बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका कॅफेत झाली. तासाचे पैसे मोजून खेळायचो, आणि सीडी अर्थातच कॉपी केलेली. दोन-तीन दिवस बरं चाललं, मग नेम लागेना. समोर पन्नास पावलांवर शिपाई उभा, गोळी भलतीकडंच. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. घरी सांगितलं, डॉक्टरकडं जाऊन आलो, नंबर तोच. कितीतरी वर्षांनी कळलं, की गेममध्ये 'फेड' नावाची युक्ती होती: कॉपी ओळखली की गेम बंद पडत नाही, हळूहळू तुमचा नेम बिघडवत जातो. डॉक्टरची फी धरली तर ती सीडी मला अस्सलपेक्षा महाग पडली असेल.

आता यंत्रांकडं. लॅपटॉपवर, विंडोज ११ वर, गेम सरळ सुरू होतो, खरं चित्र ताणलेलं दिसतं. सगळे शिपाई कुंदा खाऊन सुटल्यासारखे. गेमची यूजरइन्फो फाइल उघडायची, त्यात एफओव्ही, म्हणजे पडद्यावर किती रुंद-उंच दिसायचं त्याचे आकडे: एफओव्ही-टॉप ०.७५ आणि एफओव्ही-लेफ्ट १.०० असतो. सोळा-नऊच्या पडद्यासाठी लेफ्ट १.३३३ करायचा. मेनूची अक्षरंही ताणलेली वाटत असतील तर यूआयची डावी कड ०.१२५ आणि उजवी ०.८७५. फाइल रीड-ओन्ली करायला विसरू नका, मी दोनदा विसरलो. सावल्या लुकलुकत असतील तर डीजीव्हूडू-२ हे सॉफ्टवेअर घाला. जुन्या डायरेक्ट-थ्रीडीचं काम ते डायरेक्टएक्स ११ वर वळवतं. लॅपटॉपचा विषय एवढाच. कीबोर्ड आहे, माउस आहे, वाद घालायला काही उरतच नाही.

वाद सुरू झाला तो स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, आल्यावर. मावसभावानं परदेशातून येताना आणला आणि तीन आठवडे माझ्याकडं ठेवून गेला. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनवर गेम पहिल्याच झटक्यात चालला, लिनक्स आहे याची आठवणही आली नाही. पडदा १२८० बाय ८००, म्हणजे सोळा-दहा, तिथं एफओव्ही-लेफ्ट १.२ धरायचा. अवघड जागा वेगळीच आहे. या गेममध्ये बारा जणांची तुकडी हाकायची असते: एफ-२ दाबून दुसरा शिपाई निवडा, मग आकडा दाबून हुकूम, मग त्या हुकमाच्या पोटातला आणखी एक आकडा. दोन अंगठ्यांत हे मावायचं कसं? मी डाव्या ट्रॅकपॅडवर गोल मेनू बांधला, त्यात एफ-१ ते एफ-१२. मागच्या चार बटणांवर १, २, ७ आणि ८. पहिले चार दिवस माझ्या तुकडीनं नुसती रांग बदलली. मी 'जा' म्हणायचो, ते पाचर करून उभे राहायचे. पाचव्या दिवशी हात बसला.

आमच्यातला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असलेला दोस्त कीबोर्डवाला, कट्टर. दुसऱ्या पाळीवरून सुटून आला, डेक हातात घेतला, दहा मिनिटांत खाली ठेवला. "अरे, हे गेम आहे की वीणा वाजवूलास?" त्याचं म्हणणं असं, की हुकूम द्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तीन नंबर मरतो. मी म्हटलं, कीबोर्डवरही तीन नंबर मरतोच. शिवाय २००५ मध्येच 'एलिट' या नावानं हा गेम पहिल्या एक्सबॉक्सवर गेला होता, म्हणजे गेमपॅडवर तुकडी हाकता येते हे तेव्हाच ठरलंय. "खरं तुला येत नाही की," एवढं बोलून तो कॉफी प्यायला उठला.

खरं भांडण बटणांचं नव्हतंच, सेव्हचं होतं. डेकचं वरचं बटण दाबलं की गेम आहे तिथं गोठतो, आणि रात्री पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू. दोस्त म्हणाला, "हे लबाडी झालं. एक सेव्ह म्हणून बसलायस आणि झोपवून झोपवून खेळूलास." मी दोन दिवस यावर विचार केला. माझं मत असं: सेव्हमुळं मेल्यावर मागं येता येतं, झोपवल्यामुळं येत नाही. झुडपात पालथा पडलोय, शत्रूची गस्त वीस पावलांवर आहे, आणि मी यंत्र झोपवून बाजारात जाऊन आलो, तरी परत आल्यावर गस्त वीस पावलांवरच असते. भीती तशीच्या तशी. उलट बाजारात भाजी घेताना पोटात गोळा होता, तो लॅपटॉपवर कधी आला नव्हता. लबाडी म्हणायचीच तर ती दुसरी, शिफ्ट आणि नंपॅडचं वजा दाबून 'सेव्हगेम' टाइप करायची. डेकला नंपॅडच नाही, त्यामुळं मी आपोआप सज्जन. हो, एकदा झोपेतून उठल्यावर आवाज गेला होता आणि मिशन पुन्हा करावं लागलं. तेवढं दोस्ताच्या बाजूनं नोंदवतो.

आता काका. आमच्या शेजारचे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, इथल्याच सेंटरात रंगरूट म्हणून भरती झालेले. पावसात त्यांचं फिरणं बंद, म्हणून चहाला येतात. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर रेडिओ ऐकला. एकेक शब्द जोडून बोलणारा तो आवाज सगळ्यांना माहीत आहे: दोन, शत्रू, शिपाई, तीन वाजता. काका म्हणाले, "एवढा वेळ बोलूपर्यंत तो शिपाई घरी जाऊन जेवून येईल." आम्ही हसलो. नंतर मी पळत्या माणसावर नेम धरला आणि चुकलो. "पुढं धर की रे. माणसावर नको, माणूस जाणार तिथं मार." पुढं धरलं, लागला. इथं गोळीला पोचायला वेळ लागतो, लांबवर ती खाली पडते, हे काकांनी कुठलंही पान न वाचता दोन मिनिटांत ओळखलं. कृत्रिम शिपाई मात्र त्यांना पसंत नाहीत. सगळे एकदम उठतात, आडोसा सोडतात, "असल्यांना आमच्या उस्तादानं ग्राउंडला दहा चक्कर मारायला लावलं असतं." लॅपटॉप की डेक या वादात त्यांचं मत: छोट्या पडद्यावर लांबचा माणूस दिसत नाही, आणि दिसू नयेच. आम्हा सगळ्यांत नवीन यंत्राच्या बाजूनं दिलेला सगळ्यात चांगला मुद्दा हाच आहे, आणि तो गेम न खेळणाऱ्या माणसाचा.

फोनचं थोडक्यात. धाकट्या भावानं विनलेटरवर, म्हणजे फोनवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या अ‍ॅपवर, गेम चढवला. त्याचा फोन स्नॅपड्रॅगनचा, त्याला टर्निप हा ग्राफिक्स ड्रायव्हर बसला. उघड्या रानात छान पळतो, गाव आलं की अडखळतो, वीस मिनिटांत फोनवर दोसा घालता येईल. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. मिशन एडिटर बोटानं माउसपेक्षा भारी चालतो. नकाशावर टिचकी मारून पथक ठेवायचं, वेपॉइंट, म्हणजे पथकानं जायचे टप्पे, ओढायचे. त्यानं खानापूरकडं जाताना बसमध्ये एक आख्खी घात लावली.

आणि 'आर्मा रिफॉर्जर', बोहेमियाचाच नवा गेम. तोच एव्हरॉन, नव्या एनफ्यूजन इंजिनवर, २०२२ पासून. एक्सबॉक्सवरही मॉड्स, म्हणजे खेळणाऱ्यांनी केलेले बदल, चालतात. निपाणीचा दोस्त तेच खेळतो आणि आम्हाला म्हातारे म्हणतो. त्याच्याकडं जाऊन दोन तास मॉन्टिन्याकमध्ये फिरलो. गवत, पाऊस, भिंतीवरचं शेवाळ, सगळं इतकं खरं, की मी रस्ता विसरलो. जुन्यात मला चौकातून चर्चकडं डोळे मिटून जाता येतं. तो म्हणतो हे नव्याचं यश. माणसाला गावात हरवता आलं पाहिजे. पटलं, पण कबूल केलं नाही. माझी तक्रार दुसरी आहे: तिथं मेलं की थोड्या वेळात पुन्हा उभं राहायचं, आणि भोवती बोलणारी खरी माणसं. जुन्या गेममध्ये तुकडी संपल्यावर जी शांतता पडते, ती तिथं पडत नाही.

त्या शांततेतच गेला आठवडा गेला. 'आफ्टर मॉन्टिन्याक' हे मिशन: एकटा आर्मस्ट्राँग, गेमचा नायक, नकाशा, होकायंत्र, आणि झाडांत माणसं. मंगळवारी रात्री लाइट गेली, राउटर गेला, पंखा गेला, डेकवर एकवीस टक्के. सेव्ह आधीच वापरून बसलो होतो. काका मेणबत्ती घेऊन आले आणि शेजारी बसले. पडद्याचा उजेड कमी केला, आवाज हेडफोनवर, एक कान माझा, एक त्यांचा. पळायचं तिथं काका हात दाबायचे, "थांब", आणि खरंच झाडामागून कोण तरी जायचं. अकरा टक्क्यांवर जंगलातून बाहेर पडलो.

सध्या टँकच्या मिशनांत आहे, गेममधल्या टँकवाल्या रॉबर्ट हॅमरकडं. गनरला लक्ष्य दाखवायला मागची बटणं पुरत नाहीत, म्हणून उजव्या पॅडवर दुसरा गोल बांधलाय. ती मांडणी निपाणीवाल्यानं मागितली, पाठवली. त्याचा निरोप आला, "पॅड उलटा फिरूलाय." रविवारी बघतो.