फ्लोराईड किट पिवळं झालं! प्रगती आणि खूप सारे आभार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, पण पाण्यात फ्लोराईड जास्त आहे का हे रंगाने सांगणाऱ्या आमच्या किटची बातमी चांगली आहे. लायोफिलाईज करून (गोठवून व्हॅक्यूममध्ये) सुकवलेल्या ट्यूबमध्ये यवतमाळच्या केळापूर तालुक्यातल्या एका बोअरचं पाणी टाकलं आणि साधारण तासाभरात ट्यूब चक्क पिवळी झाली, शेजारी डिस्टिल्ड वॉटर टाकलेली ट्यूब होती तशीच राहिली. त्याच बोअरचं पाणी प्रयोगशाळेत फ्लोराईड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर पण मोजून घेतलं होतं, तिथेही फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर आलं. म्हणजे बघा, साताऱ्यातल्या एका छोट्या डिपार्टमेंटमध्ये बनवलेला सेन्सर खऱ्या पाण्यावर चालतोय, नुसत्या सोडियम फ्लोराईडच्या द्रावणावर नाही. त्या दिवशी लॅबमध्ये जो आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावरच्या ऑफिसपर्यंत गेला.

हा लॉग नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आयजेम ही सिंथेटिक बायोलॉजीची (जनुकं हवी तशी जुळवून जीवांकडून नवी कामं करून घेण्याच्या शास्त्राची) विद्यार्थ्यांची स्पर्धा, २००३ मध्ये एमआयटीत जानेवारी महिन्यातला एक कोर्स म्हणून सुरुवात झाली, २००४ ला पाच टीम्सची पहिली स्पर्धा झाली, आणि आता जगभरातून शेकडो टीम्स येतात, २०२२ पासून जम्बोरी, म्हणजे स्पर्धेचं शेवटचं संमेलन, पॅरिसला भरते. आमच्यातल्या तिघी-चौघांना याचं वेड लागलं ते एडिनबराच्या २००६ च्या टीममुळे, त्यांनी पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा बॅक्टेरिया केला होता, बांगलादेशातलं पाणी डोळ्यासमोर ठेवून. आमच्या टीममधली एक मुलगी केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याकडची आहे, तिने तेव्हाच सांगितलं की आमच्याकडे आर्सेनिक नाही पण फ्लोराईड आहे, आणि तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या दातांवर त्यामुळे तपकिरी डाग होते. विषय तिथेच ठरला.

तर स्पर्धेत एक अ‍ॅट्रिब्युशनचा फॉर्म भरावा लागतो, कोणतं काम टीमने केलं आणि कोणतं बाहेरच्यांनी, सगळं स्पष्ट लिहायचं, ते नसेल तर ब्रॉन्झ मेडलसुद्धा मिळत नाही. मला हा नियम फार आवडतो. गेला आठवडाभर मी तोच फॉर्म भरतेय आणि भरता भरता लक्षात आलं की त्या रकान्यांत मावणार नाहीत अशी माणसं खूप आहेत, आणि त्यांनी नेमकं काय केलं हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी टीम काढायचं म्हणताय.

आधी सेन्सर कसा चालतो ते सांगते, म्हणजे कोणाची मदत कुठे लागली ते समजेल. फ्लोराईड ओळखणारा आरएनएचा तुकडा, म्हणजे रायबोस्विच, निसर्गातच आहे, २०१२ मध्ये येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने तो शोधला. आपण वापरतो तो बॅसिलस सिरियसमधला. फ्लोराईड नसेल तर हा आरएनए स्वतःभोवती दुमडून टर्मिनेटर, म्हणजे थांबण्याची खूण, बनवतो आणि पुढचं जीन वाचलंच जात नाही, फ्लोराईड आलं की दुमड बदलते आणि वाचन पुढे सरकतं. आता गंमत बघा, आरएनए पण निगेटिव्ह आणि फ्लोराईड पण निगेटिव्ह, मग ते एकमेकांना धरतात कसे? तर मध्ये तीन मॅग्नेशियम आयन असतात आणि फ्लोराईड त्यांच्यामध्ये बसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून मैत्रिणीला वाचून दाखवलं होतं. पुढचं जीन म्हणजे कॅटेकॉल नावाच्या रसायनापासून पिवळा रंग तयार करणारं एन्झाईम. ही सगळी रचना आमची नाही, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये ती छापली आणि कोस्टा रिकात जाऊन तिथल्या पाण्यावर तपासली पण होती. आमचं काम ती भारतातल्या १.५ च्या मर्यादेजवळ नीट चालवणं, विदर्भातल्या जड पाण्यात चालवणं, आणि स्वस्तात बनवणं.

जिवंत बॅक्टेरिया का नाही असं बरेच जण विचारतात. दोन कारणं. एक तर ई. कोलायकडे, म्हणजे लॅबमध्ये नेहमी वापरतात त्या बॅक्टेरियाकडे, स्वतःचा फ्लोराईड बाहेर फेकणारा पंप असतो, त्यामुळे आत साचतच नाही आणि सिग्नल फिका येतो. दुसरं जास्त महत्त्वाचं, जनुकीय बदल केलेला जीव लॅबच्या बाहेर नेणं आयजेमच्या नियमात बसत नाही आणि आपल्याकडच्या १९८९ च्या नियमांतही असं परवानगीशिवाय करता येत नाही. आमच्या गाईड मॅडमनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं, गावात न्यायचं असेल तर सेल-फ्री (जिवंत पेशींशिवाय) करा नाहीतर विषय बदला. सगळे आभार तिथूनच सुरू होतात. मॅडम, तुम्ही बायोसेफ्टी कमिटीपुढे आमच्यासोबत बसलात आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आम्हालाच द्यायला लावलंत, त्याचा फायदा आत्ता जजिंगची तयारी करताना कळतोय.

सेल-फ्री म्हणजे पेशी फोडून आतला रस वापरायचा. त्यासाठी पेशींचे पेलेट (खाली बसवलेले गोळे) झटकन गोठवावे लागतात आणि आमच्याकडे लिक्विड नायट्रोजन नाही. पुण्याहून आणायचा तर खर्च आणि अर्धा तर वाटेतच उडून जातो. शेवटी मदत आली ती जनावरांच्या डॉक्टरांकडून! कृत्रिम रेतनासाठी सिमेन स्ट्रॉ नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये ठेवतात ना, तिथून. डॉक्टरसाहेबांनी कंटेनर भरायच्या दिवशी आमच्यासाठी थोडा जास्तीचा नायट्रोजन मागवायला सुरुवात केली आणि स्वतःचा छोटा कंटेनर आम्हाला वापरायला दिला, एक रुपया घेतला नाही, फक्त म्हणाले की हातमोजे नीट घाला आणि बंद खोलीत ओतू नका. तालुक्याच्या ठिकाणी लॅब चालवणाऱ्या सगळ्यांनी हे लिहून ठेवा, नायट्रोजन गायीम्हशींच्या दवाखान्यात मिळतो.

लायोफिलायझरचं, म्हणजे ट्यूब सुकवायच्या मशीनचं, पण तसंच. फार्मसीच्या लोकांकडे एक मशीन होतं आणि दिवसभर त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम चालायचं, त्यामुळे आम्हाला रात्रच मिळायची. तिथले लॅब असिस्टंट दादा घरी जेवून परत यायचे, पंपाचं ऑईल बघायचे, व्हॅक्यूम लागल्याशिवाय हलायचे नाहीत. एकदा मध्यरात्री लाईट गेली तर त्यांनी मला फोन करायच्या आधीच जनरेटर चालू करून बॅच वाचवली होती. ट्रेहॅलोज (सुकताना मिश्रण जपणारी साखर) किती घालायचं हे आम्ही पेपरमधून काढलं खरं, पण ट्यूबची झाकणं पूर्ण उघडी न ठेवता त्यावर भोकं पाडलेली फिल्म लावा, म्हणजे पावडर उडत नाही, हे दादांनी शिकवलं आणि कोणत्याच प्रोटोकॉलमध्ये ते मला सापडलेलं नाही. दादा, तुमचं नाव फॉर्ममध्ये आहेच, पण पोस्टरवर पण टाकणार आहोत, नाही म्हणू नका.

आता पाणी. पांढरकवड्याजवळच्या एका झेडपी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी आणि त्यांच्या सातवी-आठवीच्या पोरांनी आमच्यासाठी नमुने गोळा केले. फ्लोराईडसाठी काचेची बाटली चालत नाही, प्लास्टिकचीच लागते, त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची, हातपंप आधी थोडा वेळ हापसायचा, हे सगळं पोरांनी इतकं काटेकोर पाळलं की प्रत्येक बाटलीवर बोअरची खोली पण लिहून पाठवली, आम्ही मागितली नव्हती! आणि त्या खोलीमुळेच आम्हाला दिसलं की उथळ विहिरींचं पाणी बहुतेक बरं आहे आणि खोल बोअरचं वाईट. याला कारण आहे, खोलवरचं पाणी खडकात जास्त काळ राहतं, आणि ज्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं त्यात फ्लोराईड जास्त विरघळून राहू शकतं. बाटल्या एसटीच्या पार्सलने आल्या, एक पण फुटली नाही.

त्या नमुन्यांनी आम्हाला सगळ्यात अवघड प्रश्न पण दिला. सुकवलेली ट्यूब नमुन्याच्या पाण्यानेच ओली करायची असते, म्हणजे पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं थेट रिअ‍ॅक्शनमध्ये येतं, आणि सेल-फ्री मिक्स मॅग्नेशियमच्या बाबतीत फार नाजूक असतं. काही गावांच्या पाण्यात फ्लोराईड असूनही रंग दबत होता. त्यामुळे आता किटमध्ये प्रत्येक नमुन्यासाठी तीन ट्यूब आहेत: एक साधी, एकीत आधीच ठरावीक सोडियम फ्लोराईड सुकवलेलं, आणि एकीत रायबोस्विच नसलेला, कायम चालू असणारा डीएनए. शेवटच्या दोन्हींपैकी एक जरी पिवळी झाली नाही तर त्या पाण्याबद्दल किट काहीच सांगत नाही, पाणी चांगलं असं समजायचं नाही. ही कल्पना आमच्या एका माजी विद्यार्थिनीची, ताई आता जर्मनीत पीएचडी करते आणि दर रविवारी आमच्यासोबत कॉलवर बसते, तिकडे सकाळ असते तेव्हा. ताई, तू प्रत्येक ग्राफला आधी कंट्रोल (तुलनेसाठीची ट्यूब) दाखवा म्हणायचीस, आता आम्ही एकमेकांना तेच म्हणतो.

आणि आता ज्यांचा मला सगळ्यात जास्त उल्लेख करायचाय. जूनमध्ये आम्ही किट दाखवायला त्याच भागातल्या एका गावात गेलो होतो. आशाताईंनी बायकांना जमवलं होतं, आम्ही रंगीत पाण्याच्या ट्यूब दाखवून समजावत होतो, पिवळं म्हणजे फ्लोराईड जास्त वगैरे. एका काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, पिवळं झालं तं ठीक, मंग प्याचं कोन्तं?"

आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं कारण आमचा सगळा प्रोजेक्ट एका हातपंपाला हो की नाही सांगण्यापुरता होता. पण त्या गावात पाण्याच्या जागा बऱ्याच आहेत, जुनी विहीर, दोन-तीन बोअर, शाळेतला पंप, आणि त्यातली कोणती त्यातल्या त्यात बरी हे कळणं त्यांच्यासाठी खरं कामाचं. परत आलो आणि पूर्ण ह्यूमन प्रॅक्टिसेसचा, म्हणजे प्रोजेक्ट लोकांच्या कामी कसा येईल याचा, भाग नव्याने मांडला. आता किट एका गावासाठी एकत्र पाकीट म्हणून बनतं, सगळ्या जागांचं पाणी एकाच वेळी, एकाच बॅचच्या ट्यूबमध्ये, शेजारी शेजारी ठेवून बघायचं आणि गावाच्या नकाशावर खूण करायची. आशाताईंनी आणखी एक सांगितलं, घरात उजेड कमी असतो, फिकट पिवळा दिसणार नाही, म्हणून मागे लावायला पांढरा कार्ड आणि तुलनेसाठी छापलेली रंगपट्टी आली. माझ्या मते आमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी सुधारणा त्या दुपारी झाली, लॅबमध्ये नाही. काकू, आशाताई, तुम्ही हे वाचाल का माहीत नाही, पण सर तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, त्यांनी कबूल केलंय.

पैशांचं पण सांगायला हवं. रजिस्ट्रेशनची फी डॉलरमध्ये असते आणि ती भरताना पोटात गोळा येतो. अर्धी कॉलेजने दिली, बाकीची माजी विद्यार्थ्यांनी जमवली, कोणी पाचशे दिले कोणी पन्नास हजार, यादी फॉर्ममध्ये आहे. डीएनए सिंथेसिसचा टीम्सना मिळणारा फुकटचा कोटा मिळाला म्हणून जीनचे तुकडे परवडले. आणि आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाने यंदा डेकोरेशनचा खर्च कमी करून आम्हाला मदत केली, वर मांडवात एक संध्याकाळ दिली. आम्ही तिथे पोरांना केळ्यातला डीएनए काढून दाखवला, मीठ, भांडी घासायचं लिक्विड आणि थंडगार अल्कोहोल, पांढरे धागे वर आले तेव्हा मागच्या आज्या पण पुढे येऊन बघत होत्या. चपलांच्या दुकानवाल्या काकांनी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या महिनोन्महिने साठवून दिल्या, त्या ओव्हनमध्ये तापवून आम्ही किटच्या बाहेरच्या डब्यात घालतो. विदर्भातल्या पावसाळ्यात ओल हाच सुकवलेल्या ट्यूबचा मोठा शत्रू आहे, तेव्हा ही मदत छोटी नाही.

राहिलेलं काम: विकी फ्रीझ (स्पर्धेची आमची वेबपानं पूर्ण करायची शेवटची मुदत) तोंडावर आलाय, मॉडेलिंगचं पान अर्धं आहे, आणि ट्यूब उन्हाळ्यातल्या तापमानाला किती टिकतात याचा डेटा अजून येतोय, त्यासाठी काही पाकिटं सरांच्या शाळेतल्या पत्र्याच्या कपाटात ठेवलीत आणि सर दर पंधरवड्याला त्यातल्या थोड्या उघडून फोटो पाठवतात. पॅरिसला सगळे जाऊ शकणार नाही, तिघंच जातायत, बाकीचे इथून ऑनलाईन जजिंगच्या प्रश्नांना तयार बसणार. तिकडे पॅरिसजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने राहायची सोय केलीय, ओळख ना पाळख, फक्त मंडळाचा व्हिडिओ बघून स्वतःहून मेसेज केला. काका-काकू, तिळाच्या चटणीची ऑर्डर पोचवतो.

तुमच्यापैकी कोणाकडे फ्लोराईड इलेक्ट्रोड असेल आणि आठवड्याभरासाठी वापरायला देता येत असेल तर प्लीज कळवा, नवीन नमुन्यांची पेटी परवा एसटीने येतेय आणि ते सगळे आम्हाला किटसोबत मोजायचेत. रंगपट्टीची प्रिंट फाईल आणि तीन ट्यूबचा प्रोटोकॉल पुढच्या लॉगमध्ये टाकते.