झाकण गिऱ्हाईकासमोरच उघडतं : आमची वाटचाल

बाबांनी ठाण्याच्या नौपाड्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा नोकरी लागली की मनगटावर एचएमटी जनता, ते चावीचं घड्याळ, यायचंच. पुढे क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं घड्याळ आलं, नुसते सेल बदलण्यावर घर चाललं, मग मी बसायला लागलो, ते सगळं सोडतो.

२०१६ ला एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला आणि जुन्या घड्याळांना एकदम भाव आला. त्यातच आमच्याच रस्त्यावर एकाने चकाचक शोरूम टाकलं. पोपटी, केशरी डायलचे एचएमटी पायलट, कंपनीने कधी काढलेच नाहीत असले रंग, सगळे रिपेंट, म्हणजे डायल परत रंगवलेले, आणि विकायचा ओरिजिनल म्हणून. विकलं असतं तरी गप्प बसलो असतो, पण त्याने आमच्याबद्दल पसरवलं की हे लोक मशीनमधले पार्ट काढून घेतात. आमच्या धंद्यात याच्याइतका घाण आरोप नाही. सर्व्हिसिंगची घड्याळं यायची बंद झाली, भाडं थकलं, बाबांचा स्टेकिंग सेट विकायला काढला होता, ठोकून पार्ट बसवायचा तो सेट ज्यावर त्यांनी अख्ख्या ठाण्याचे बॅलन्स स्टाफ, म्हणजे मशीनमधल्या झुलणाऱ्या बॅलन्स चाकाचे आस, बसवले. आजही आठवलं की डोकं फिरतं.

तेव्हा एक काका, वागळे इस्टेटच्या कंपनीतून रिटायर झालेले, आपलं फेवर ल्युबा सी चीफ घड्याळ घेऊन आले आणि भरल्या दुकानात म्हणाले, "माझ्यासमोर उघड, सगळ्यांना बघू दे." उघडलं, त्यांच्या डोळ्याला आयग्लास, म्हणजे आमचं भिंग, लावून एकेक पार्ट दाखवला. दुसऱ्या दिवसापासून तलावपाळीला फिरायला येणारा त्यांचा ग्रुपच घड्याळं घेऊन यायला लागला. स्टेकिंग सेट विकावा लागला नाही. काकांकडून सर्व्हिसिंगचे पैसे आम्ही घेत नाही, ते भांडतात तरी.

तेव्हापासून घड्याळाचं मागचं झाकण गिऱ्हाईकासमोरच उघडतं. तुम्ही कुठूनही घ्या, पण उघडून दाखवत नसेल तर उठून या. सेइको असेल तर मशीनचा नंबर झाकणावर ७००९ आणि मशीनवर ६३०९ असलं चालणार नाही, नंबर जुळलाच पाहिजे. झाकणावरच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना, म्हणजे ८४ ने सुरू झाला तर १९७८ किंवा १९८८ चा एप्रिल, दशक मॉडेलवरून ठरवायचं. डायलवर आयग्लास लावा, रिपेंटमध्ये अक्षरं जाड होतात, मिनिटाच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर दिसतो. सत्तरच्या दशकातलं घड्याळ रात्रभर चमकतंय म्हणजे लुम, तो अंधारात चमकणारा रंग, नवीन भरलंय. आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची बॉडी, आरशासारखी चमकते म्हणून खूश होऊ नका हो, पॉलिशचा बफ मारमारून कडा गेलेल्या असतात, त्या परत येत नाहीत, त्यापेक्षा ओरखडे परवडले.

मशीनची तब्येत टाइमग्राफरवर कळते, टिकटिक ऐकून मोजणारं यंत्र ते. जनताला फुल चावी द्या, ताशी १८,००० बीटला लावा, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, २५०-२७० अंशांच्या आसपास आलं तर बिनधास्त घ्या, २०० च्या खाली असेल तर बहुतेक तेल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कापून घ्या. नुसतं कानाला लावून टिकटिक ऐकून पैसे देऊ नका.

त्या शोरूमचे पोपटी पायलट आता आमच्याकडे येतात, ओरिजिनल डायल मिळेल का विचारायला. मी झाकण उघडून काय आहे ते दाखवतो. डायल मिळाला तर बसवून देतो, नाही मिळाला तर तसं सांगतो, बघण्याचे पैसे घेत नाही.