जुनी कयाक बघायला जाताना

विकायला काढलेल्या कयाकचा फोटो सहसा वरून काढलेला असतो. तळ दिसत नाही, आणि बघायचा असतो तो तळच.

ब्रिटनमध्ये समुद्री कयाक जुन्या बाजारात बऱ्याच येतात. त्यांत नॉर्डकॅप हे नाव हमखास भेटतं. फ्रँक गुडमन यांनी 1975 च्या नॉर्वे मोहिमेसाठी ती आखली आणि 1977 मध्ये ते तीन साथीदारांसह तिच्यातूनच दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला गेले. लांबी साडेपाच मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम 53 सेंटीमीटर. गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कयाकवर आपण वर बसतो. ही मात्र कमरेपर्यंत अंगात घालायची.

तर आधी ती उलटी करा. ओरखडे असणारच, त्यांना भिऊ नका. उलट जुन्या बोटीवर एकही ओरखडा नसेल तर ती वर्षानुवर्षं अंगणात उन्हात पडून होती का, हे विचारावं. ऊन रबराला आणि दोऱ्यांना खातं. वरचा रंगीत जेलकोट कापून आतले काचेचे धागे, म्हणजे फायबरग्लास, दिसले, तर मात्र पाणी मुरायला वाट झाली. एका बिंदूतून फाकलेल्या बारीक भेगा दिसल्या की तिथे दोन्ही अंगठ्यांनी दाबा. टणक लागलं तर दोष वरवरचा. दबलं, कुरकुरलं तर आतला थर मोडलाय. मग विजेरी घेऊन आतून तीच जागा शोधा. नीट केलेली डागडुजी वाईट नसते, न सांगितलेली वाईट.

बोटीत आडव्या भिंती असतात, बल्कहेड. मागच्या कप्प्यात अर्धी बादली पाणी ओतून बोट किंचित तिरकी करा आणि कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, पाझरतंय का बघा. पाझर बहुधा कडेच्या सीलंटमधून असतो. तो खरवडून नवा भरता येतो. कप्प्याच्या रबरी झाकणाची कड दुमडून पाहा. घडीत चिरा उघडल्या तर नव्या झाकणांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

स्केग, म्हणजे मागे तळातून खाली येणारं पातं. वरची सरकपट्टी ढकलली की बारीक तारेने ते उतरतं. पातं ज्यात आत जातं त्या पेटीत खडा अडकलेला असताना जोर लावला की तार मुडपते, आणि मुडपलेली तार पुन्हा सुतासारखी सरळ होत नाही. म्हणून आधी पातं हाताने हलवून बघावं, मगच पट्टी.

आता पाणी. जुन्या नॉर्डकॅपचं बसायचं भोक बऱ्याचदा लहान आणि गोल असतं; मागच्या डेकवर बसून दोन्ही पाय सरळ आत सरकवावे लागतात. बाहेर येतानाही गुडघे वर घेता येत नाहीत. म्हणून उथळ, शांत पाण्यात, शेजारी कुणीतरी उभं असताना, मुद्दाम उलटून बाहेर पडून बघा. हे जमेना तर बोट कितीही स्वस्त असो, ती आपली नव्हे. वीस मिनिटांत पाय बधिर झाले तर दोष बहुधा सीटचा किंवा पायटेकूंच्या अंतराचा. तो दुरुस्त होतो.

रिकामी नॉर्डकॅप डुगडुगते. ती सामान भरून चालवायला बनवलेली आहे, तेव्हा रिकाम्या बोटीवरून निकाल देणं अन्यायाचं. पाण्याचे डबे भरून पुढे-मागे मिळून पंधरा किलो ठेवा, घट्ट अडकवा आणि पुन्हा बसा. मग वारा बाजूने घ्या. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळू लागली तर स्केग थोडा उतरवा, अर्धाच पुरे. पूर्ण उतरवला तर नाळ वाऱ्यापासून दूर पडते. अर्ध्यावरही सरळ चालेना तर आधी पुढचा डबा मागे सरकवून बघा, तळाला दोष नंतर द्या.

किनाऱ्यावर आल्यावर झाकणं उघडा. चमचाभर पाणी चालेल. स्पंज पिळावा लागला तर गळती शोधावी लागेल. सौदा झालाच तर पहिलं काम स्केगचं: पात्याच्या टोकाला भोक पाडून दोरीचा छोटा फास बांधा. खडा अडकला की सोबतच्या बोटीतला माणूस तो ओढून पातं मोकळं करतो, आणि तार वाचते.