फ्रँकफर्टमध्ये ईस्टरला गेलात तर हिरवा सॉस चुकवू नका

ईस्टरच्या आधीचा गुरुवार म्हणजे फ्रँकफर्टमध्ये ‘ग्र्युने झोसे’चा, हिरव्या सॉसचा दिवस. सणासुदीचे हिरवे पदार्थ बरेचदा खायच्या रंगाने हिरवे केलेले असतात. सेंट पॅट्रिक्स डेची हिरवी बिअर चवीला साध्या बिअरसारखीच लागते. या सॉसमधलं हिरवं मात्र काढून टाकलं, तर उरेल नुसतं दही आणि आंबट साय (सावर क्रीम). चव सगळी पाल्याची.

शहराच्या मध्यावर क्लाइनमार्क्टहाले ही बंदिस्त मंडई आहे. तिथे भाजीच्या गाळ्यांवर पांढऱ्या कागदात गुंडाळलेली पुडकी रचलेली दिसतात. एकेका पुडक्यात सात प्रकारचा पाला: पार्सली, चाइव्ह्ज, चर्विल, बोराज, पिंपिनेल, सॉरेल आणि क्रेस. क्रेस म्हणजे आपल्या अळिवाचीच कोवळी रोपं, आणि सॉरेल ही चुक्याची जवळची नातलग. सॉसला मूळचा आंबटपणा तिचाच. चर्विलला बडीशेपेचा हलका वास येतो. बोराजचं पान चुरगाळलं की काकडी चिरल्यासारखा वास सुटतो, पण त्यावरची लव बोटांना चांगलीच टोचते. 2016 पासून या पुडक्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. त्यानुसार पाला सातही प्रकारचा हवा आणि कुठलाही एक प्रकार वजनात 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. शेपू घालतात तो उत्तरेकडच्या कासेल शहराकडे. फ्रँकफर्टकरांना तो अजिबात खपत नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. शेपू पडला की बाकीचं काही लागतच नाही.

मुक्कामाच्या जागी स्वयंपाकघर असेल तर सॉस स्वतः करून बघा. चौघांना 250 ते 300 ग्रॅमचं एक पुडकं पुरतं. पाला धुऊन फडक्यावर पसरा आणि अगदी कोरडा होऊ द्या. ओला राहिला तर सॉस तासाभरात पाणी सोडतो. बोराज आणि सॉरेलचे जाड देठ काढा, नाहीतर दातात दोरे येतात. धारदार सुरीने बारीक चिरा. मिक्सर जास्त फिरवला तर पाला गरम होऊन कडवट होतो आणि रंगही काळपट पडतो. फिरवायचाच असेल, तर थोडं दही घालून दोनच झटके द्या. मग 250 ग्रॅम आंबट साय, 150 ग्रॅम दही, चमचाभर मोहरीची पेस्ट, लिंबाचा रस, मिरपूड आणि चिमूटभर साखर घालून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मीठ मात्र पानात वाढण्याच्या जरा आधी घाला. सोबत उकडलेले बटाटे आणि माणशी दोन उकडलेली अंडी.

चव? थंड, आंबट, किंचित तिखट. गरम बटाट्यावर घेतला तर फारच छान. नुसता चमच्याने चाखला तर आंबटपणाच पुढे येतो, त्यामुळे तसं चाखून मत बनवू नका.

आयता खायचा असेल तर फ्रँकफर्टच्याच झाक्सनहाउझन भागातल्या अ‍ॅपलवाइन (सफरचंदाची वाइन) देणाऱ्या खानावळींत जा. अंडी-बटाट्यांची थाळी शाकाहारी म्हणून सहज मिळते. पण बऱ्याच ठिकाणी सॉसमध्येही अंडं चिरून घालतात, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. अ‍ॅपलवाइनही आंबटच असते, म्हणून ती सोडा घालून घ्या. पुडकं मात्र गुरुवारीच आणा. गुड फ्रायडेला मंडई बंद असते, आणि शिळ्या पाल्यात चर्विलचा वास सगळ्यात आधी जातो.