गांजाच्या पानाचे बिल्ले

इलेक्शन संपलं की बिल्ल्याला कोण विचारतो, हे आपल्याकडेही तसंच आणि अमेरिकेतही तसंच, फक्त इथे तो टाकलेला पत्रा उचलून जपणाऱ्यांची १९४५ पासून रीतसर संघटना आहे आणि जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या दुर्मिळ बिल्ल्यांवर लोक हजारो डॉलर उधळतात. आपली काही तेवढी ऐपत नाही. मी जमवतो ते मेडिकल गांजाच्या चळवळीतलं सामान, बिल्ले, पत्रकं, बंपर स्टिकर, मिळेल ते. आई इकडे आली तेव्हा हॉलमधली फ्रेम बघून म्हणाली, "अरे, एवढा शिकलास आणि भिंतीवर गांजाचं पान लावलंस?" मी म्हटलं आई, हे नशेवाल्यांचं नाही गं, आजारी माणसांचं आहे. तिला ते पटलंही बहुतेक, पण मित्रमंडळी जेवायला यायची असली की फ्रेमवर टॉवेल पडायचा तो पडायचाच.

आजारी माणसांचं म्हणजे खरोखरच तसं. ऐंशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने माणसं पटापट जात होती, अन्न पोटात ठरायचं नाही, अंगावर मांस राहायचं नाही, आणि गांजाने मळमळ थांबते, भूक लागते हे पेशंटना स्वतःच कळलं होतं. डेनिस पेरॉन हा व्हिएतनामहून परतलेला गडी आधीपासून गांजा विकायचा, पण त्याचा जोडीदार जोनाथन वेस्ट १९९० मध्ये एड्सने गेला आणि मग त्याने हा विषय सोडलाच नाही. १९९१ मध्ये शहरात यावर मतदान झालं, जवळजवळ ८० टक्के लोक बाजूने. पाठोपाठ त्याने पेशंटसाठी क्लब काढला, ऑगस्ट १९९६ मध्ये राज्याच्या पोलिसांनी तो धाड घालून बंद पाडला, आणि तरी ५ नोव्हेंबरला प्रपोझिशन २१५, म्हणजे कॅलिफोर्निया राज्यात थेट लोकांच्या मताला टाकलेला मेडिकल गांजाचा कायदा, साधारण ५५.६ टक्के मतांनी पास झाला. डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा वापरायला परवानगी देणारं कॅलिफोर्निया हे देशातलं पहिलं राज्य.

माझ्याकडचा 'येस ऑन २१५' चा बिल्ला अगदी छोटा, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. हातात घेतला की आधी समोरचं बघायचं नाही, कड बघायची. कडेला पत्रा जिथे मागे वळतो तिथे भिंगाखाली मुंगीएवढा शिक्का दिसतो, छापणाऱ्या कामगारांच्या युनियनचा. तो असला की माल त्या काळचा असण्याची शक्यता वाढते, खात्री नाही म्हणता येत, कारण मशीन घेऊन घरी बिल्ले पाडणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. नकली राजकीय बिल्ल्यावर बनवल्याचं वर्ष टाकलंच पाहिजे असा १९७३ चा कायदा आहे, पण कायदा पाळणारा माणूस नकली बिल्ले कशाला करत बसेल? मागची पिन गंजलेली असली तर बाकीचे कलेक्टर नाक मुरडतात. मला उलट तीच आवडते. कोरा करकरीत बिल्ला म्हणजे खोक्यातच राहिलेला, कुणी लावलाच नाही. पिन वाकलेली, कडेला रंग उडालेला, म्हणजे कुणाच्या तरी जॅकेटवर तो रस्त्यावर उतरला होता, आणि तो माणूस निकाल बघायला होता की नाही कुणास ठाऊक.

ब्राउनी मेरीचं जुनं पत्रक मिळालं तर मी आणखी थोडा खिसा हलका करेन. ही सॅन फ्रान्सिस्कोची बाई गांजाच्या ब्राउनी, म्हणजे चॉकलेट केकच्या वड्या, करायची आणि त्यांची जाहिरात चक्क पत्रकं चिकटवून करायची! १९८१ मध्ये पोलीस घरात शिरले तर ५४ डझन ब्राउनी सापडल्या. वय साठीला आलेलं. कोर्टाने समाजसेवा करायला लावली, ती हिला इतकी मानवली की पुढे एड्सच्या वॉर्डमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायला लागली, अर्थात ब्राउनी बंद झाल्या नाहीतच. १९९२ मध्ये पुन्हा अटक झाली, आणि त्याच वर्षी शहराने २५ ऑगस्ट हा तिच्या नावाचा दिवस जाहीर करून टाकला, घ्या!

सध्या माझा डोळा आहे तो राजधानी वॉशिंग्टन डीसीतल्या 'इनिशिएटिव्ह ५९' च्या, म्हणजे तिथल्या मेडिकल गांजाच्या मतदानाच्या बिल्ल्यावर. १९९८ मध्ये लोकांनी मतं दिली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती मोजायला पैसे खर्च करण्यावरच बंदी घातली, मोजायला कॉम्प्युटरवर दोन डॉलरसुद्धा लागणार नव्हते म्हणे! सप्टेंबर १९९९ मध्ये कोर्टाच्या हुकमाने आकडा बाहेर आला, ६९ टक्के, तरी काँग्रेसने आणखी दहा वर्षं कायदा अडवून धरला. हरलेल्यांचे बिल्ले असतात, जिंकलेल्यांचे असतात, पण जिंकूनही न मोजलेल्यांचा हा एकच मला माहिती आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळ अलमेडाला नेव्हीच्या जुन्या धावपट्टीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुना बाजार भरतो, तिथल्या एका आजोबांकडे तो आहे. ते चाळीस म्हणतात, मी पंचवीस म्हणतो, आणि दोघांनाही अजिबात घाई नाहीये.