गडगा : करवंदांवर साकव

मागच्या वेळी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की परसाच्या गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, खिंडार बुजलं, आता लोकांची ये-जा अडवायला लावलेली करवंदं वाढेपर्यंत नुसतं पाणी घालत बसायचं. ते शब्द मागे घेतो. परवा गावी पोचलो, पिशवी पडवीत टाकली आणि थेट परसात गेलो. बघतो तर खिंडाराच्या जागी, गडग्याच्या माथ्यावरून थेट करवंदांच्या दुसऱ्या ओळीपलीकडे, पोफळीचं उभं चिरलेलं खोड उतरतं टाकलेलं. दोन फाळी शेजारी शेजारी, खालच्या टोकाला टेकू म्हणून जांभ्या दगडाचा एक चिरा, आणि हलू नयेत म्हणून सुंभाने आवळून बांधलेल्या. वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, घालतात तसा साकव. माझ्या करवंदांवर!

पहिल्यांदा राग आला. मग जवळ जाऊन बांधणी बघितली आणि गप्प बसलो. सुंभाची तशी गाठ मला अजून जमत नाही.

वर्षभराचा हिशोब एकदा मांडतो, म्हणजे पुढचं कळेल. पाणंदीने एसटीच्या थांब्यावर जायचं तर वहाळाला वळसा पडतो, आणि जून ते सप्टेंबर तिथे पोटरीभर चिखल. आमच्या परसातून गेलं की तीन मिनिटांत डांबरी रस्ता. म्हणून खालच्या वाडीतले सगळे गडगा ओलांडून येतात. येईनात का, पण येताना माथ्याचे चिरे ढासळतात, आणि उतरल्यावरची पायवाट बरोबर माझ्या पडवळाच्या मांडवाखालून आणि हळदीच्या वाफ्यातून जाते. खिंडार एका वर्षात चार वेळा बांधलं.

पहिल्या तीन वेळा का पडलं, ते चौथ्या वेळी उमगलं. आमचा गडगा जुन्या पद्धतीचा, बिनचुन्याचा. दोन्ही तोंडांना चिरे आणि पोटात खांडकं, म्हणजे दगडांचे तुकडे. माणूस चढताना पाय देतो तो कडेला. दोन्ही तोंडं एकमेकांना धरून नसली की बाहेरचं तोंड पोट फुगल्यासारखं सुटतं आणि पावसात आतली खांडकं खाली बसली की कोसळतं. यावेळी रुंदी पायाशी अडीच फूट, माथ्याला दीड फूट, उंची चार फूट, दोन्ही बाजू वर जाताना आत कलत्या. दर दुसऱ्या थराला पूर्ण रुंदीत आरपार बसणारे लांब चिरे टाकले, सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून सांधेमोड नीट सांभाळली. सिमेंट कुठेही नाही. (ज्यांनी ‘एक गोणी ओत की विषय संपला’ असा सल्ला दिला होता त्यांना नम्र विनंती, की एकदा आमच्याकडचा पाऊस बघून जा. पाणी अडलं की गडगा जातो. फटीतून वाहून गेलं की राहतो.)

चिऱ्यांबद्दल एक तक्रार. दुसऱ्या वेळी ज्याच्याकडून चिरे घेतले त्याने खाणीतून काढल्या काढल्या ओलेच टेम्पोत भरून पाठवले. जांभा कापताना मऊ असतो, हवा आणि ऊन लागलं की घट्ट होतो. मी उतावळा, आल्या दिवशीच माथ्याला लावले, आणि महिन्याभरात चपलांनी त्यांच्या कडा खरवडून गोल झाल्या. आता चिरे आणायचे ते उन्हाळ्यात आणि निदान दोन महिने उघड्यावर रचून ठेवायचे.

तर चौथा गडगा उत्तम झाला. पाच महिने झाले, एक चिरा हललेला नाही. आणि इथेच माझी फजिती. आधी लोक चिरा हलेल म्हणून जपून, कधीमधी चढायचे. आता ऐसपैस, घट्ट पायऱ्यांसारखा गडगा मिळाल्यावर आजीबाईसुद्धा चढायला लागल्या.

हे मला राखेवरून कळलं. काकूच्या चुलीतली राख चाळून गडग्याच्या आत चार फुटांच्या पट्ट्यात रोज संध्याकाळी पसरायची, सकाळी बघायचं. सुट्टीतले सलग सहा दिवस हा उद्योग केला. सकाळी सातच्या आत बारीक पावलं, शाळेच्या एसटीची. मग एक रुंद अनवाणी पाऊल, टाच खोल रुतलेली, म्हणजे डोक्यावर ओझं. ती मासेवाली मावशी. दुपारी शेळ्या. रात्री एक कोल्हा, बहुतेक. पण खरी गोष्ट पावलांच्या जागेत होती. चढायला गडगा कुठूनही चालतो, उतरायला मात्र सगळे एकाच हातभर जागेत उडी मारत होते, जिथे जमीन सपाट आणि मऊ होती. म्हणजे गडगा उंच करून उपयोग नाही, उतरायची जागा बिघडवायला हवी! तिथे दीड फुटांवर दोन ओळी करवंदं लावली ती या हिशोबाने. मधल्या जागांत काटेकोरांटी.

आणि त्याला उत्तर म्हणून साकव. मी जमीन बिघडवली, त्यांनी जमिनीला पायच लावायचा नाही असं ठरवलं.

तरी या सगळ्यात एक आनंदाची बातमी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सागरगोट्याच्या काटेरी वेली उगवल्या! जूनमध्ये वीस बिया घेतल्या होत्या. दहा तशाच पेरल्या, दहांची पाठ कानशीने घासून आतला फिका रंग दिसेपर्यंत उघडी केली आणि रात्रभर पाण्यात ठेवल्या. घासलेल्यांपैकी सात आल्या, न घासलेल्या दहाही अजून मातीत खडे होऊन पडल्यात. समुद्रावर तरंगत तरंगत कुठल्या कुठे जाणारी बी, तिला आमच्या कुंडीतल्या पाण्याचं काय कौतुक. सातही वेली आता वीतभर आहेत आणि देठांना इवले वाकडे काटे आलेत. मी दिवसातून तीनदा जाऊन बघतो.

करवंदांचं म्हणाल तर अजून जेमतेम गुडघ्यापर्यंत. ‘कोकण बोल्ड’ जातीची तीस रोपं आणली होती. त्यातल्या नऊ पिशव्या फाडल्या तर मुळं गोल गोल वेटोळं घालून घट्ट. रोपवाटिकेत जुनी झालेली रोपं खपवली होती, आणि वरून पानं तजेलदार दिसावीत म्हणून खत मारलेलं. आता रोप घेताना पिशवीच्या बुडातून मूळ बाहेर आलंय का ते बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. आणखी एक, ऑनलाइन मागवलेलं छाटणीचं सिकेटर चौथ्या महिन्यात स्प्रिंग टाकून मोकळं झालं. गावच्या लोहाराची कोयती बारा वर्षं चालू आहे.

वाट अडवायला वाचकांनी केलेल्या सुचवण्यांना एकगठ्ठा उत्तर : बाटलीच्या काचा नकोत, पोरं चढतात. शेराचं झुडूप नको, त्याचा चीक डोळ्यात गेला तर पंचाईत होते. घायपाताचं टोक लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतं, तेही नको. तारेत घरातली वीज सोडायचं ज्यांनी ‘गमतीने’ लिहिलं होतं त्यांच्याशी मला बोलायचं नाही.

तर साकव. संध्याकाळी काकूला विचारलं, हे कोणी केलं? ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चांगला घातलाय की. अरे, पोरं काट्यात पडत होती. मीच म्हटलं, जरा काहीतरी करा. सुंभ मीच दिला. खोडसुद्धा आपल्याच पोफळीचं, वादळात पडली होती ना ती.”

म्हणजे माझ्याच खोडाने, माझ्याच सुंभाने, माझ्याच करवंदांवर. मी म्हटलं, अगं, मग मी वर्षभर काय करतोय? “तुला हौस,” काकू म्हणाली. “ती वाट मी लग्न होऊन आले तेव्हापासनं आहे.”

हे ऐकून मात्र चमकलो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे एखादी वाट वीस वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्क म्हणून वापरली असेल तर ती वहिवाट होऊ शकते. शेताकडे जाणारी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता येतं, ते वेगळंच. पण यातली मेख ‘हक्क म्हणून’ या शब्दांत आहे. परवानगीने, मालकाच्या मर्जीने चाललेली ये-जा कितीही वर्षं चालली तरी त्यातून हक्क तयार होत नाही. काकूने सुंभ देऊन नकळत वकिलाचं काम केलं म्हणायचं! आधीच्या वर्षांचं काय, ते मात्र गावातल्या वकिलांना कागद दाखवून विचारणार आहे.

आणि हे टाइप करता करताच बेत बदलला. खरं तर सागरगोट्याच्या सातही वेली खिंडारावर सोडायचं ठरवून लिहायला बसलो होतो. आता नाही. वाट बंद करायच्या ऐवजी वाट हलवायची. पूर्वेच्या कोपऱ्यात, फणसापलीकडे, तीन फुटांची पट्टी रिकामीच आहे. तिथे गडगा फोडून बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, घालायचं, पट्टीवर गडग्यातून उरलेल्या खांडकांची फरशी करायची. खिंडारावर मग करवंद आणि सागरगोटा दोन्ही, पडवळाचा मांडव वाचला. साकवाच्या फाळी पट्टीच्या शेवटी गटारावर जातील. त्या गाठीसकट.

अडचण बेड्याची. आडवे बांबू सरकवायला दोन हात लागतात, मावशीचा एक हात पाटीला असतो. बेडं कायम उघडं राहणार आणि गुरं आत. काल झोपताना सुचलं : बांबूच नकोत. ऐनाचे दोन खांब, कमरेइतके उंच, मधे फक्त एक फूट. माणूस आडवा होऊन जातो, पाटी खांबांच्या वरून जाते, गाय अडकते. सकाळी दोन काठ्या रोवून मावशीलाच विचारलं. ती एकदा आडवी होऊन गेली, पुन्हा आली, म्हणाली, “अर्धी वीत वाढव, पोट आहे मला.” म्हणजे सव्वा फुटाच्या वर जाणार. तेवढ्यातून गाय अजून अडेल. शेळी आरामात जाते. तिला खाली काय अडवू शकेल, हे कुणी करून बघितलं असेल तर लवकर कळवा, खांब रविवारी रोवायचे आहेत.